पेपर परत आल्यावर काय होतं, ते विचारा

मुलगी पाचवीत जाणार आणि समोर दोन शाळा. एकीत दर शनिवारी चाचणी, वर्गात क्रमांक. दुसरीत आठवीपर्यंत परीक्षाच नाही, मुलं आपापल्या गतीने शिकतात. कुठे घालावं, हा तुमचा प्रश्न. मी २६ वर्षं गणित शिकवलं, दोन्ही तऱ्हेच्या शाळांत, आणि दोन्हीकडे हात पोळून घेतलेत. परीक्षा आहे की नाही, यापेक्षा पेपर तपासून मुलांच्या हातात पडल्यावर तिथे काय होतं ते आधी विचारा.

क्रमांकाच्या शाळेत मी वर्षानुवर्षं एकच दृश्य पाहिलं. समासात मी लाल शाईने लिहिलेलं असायचं, 'छेद समान न करताच बेरीज केलीस'. मूल वरच्या कोपऱ्यातले गुण बघायचं, मग शेजाऱ्याचे, आणि पेपर घडी घालून दप्तरात. मानसशास्त्रज्ञ रुथ बटलर यांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हेच दिसतं. काही मुलांना फक्त गुण दिले, काहींना फक्त शेरा, काहींना दोन्ही. पुढच्या कामात सुधारणा दिसली ती फक्त शेरा मिळालेल्यांत. दोन्ही मिळालेली मुलं गुणवाल्यांच्याच रांगेत. शेरा गुणांनी गिळून टाकला! ते वाचल्यावर मी पेपरवर गुण लिहिणं बंद केलं. गुण माझ्या वहीत, दोन दिवसांनी सांगायचे. पालक चिडले, मुख्याध्यापकांचं बोलावणं आलं. पण मुलं शेरा वाचायला लागली, कारण वाचायला दुसरं काही नव्हतंच.

मग परीक्षाच काढून टाकावी? तसं मलाही वाटलं होतं, म्हणून तर दुसऱ्या शाळेत गेलो. वातावरण छान, मुलं मोकळी, प्रश्न विचारणारी. तिथे आठवीत एक मुलगा होता. गोड, बोलका, प्रत्येक तासाला 'कळलं सर' म्हणणारा. एकदा सहज त्याला अपूर्णांकाचा भागाकार करायला दिला आणि त्याचा चेहरा पडला. तीन वर्षं त्याला तो येत नव्हता. हे आम्हा कुणालाच माहीत नव्हतं आणि, खरं वाईट म्हणजे, त्यालाही नव्हतं. फळ्यावरचं समजतंय म्हणजे आपल्याला येतंय, असं वाटणं फार सोपं असतं.

रोडिगर आणि कार्पिकी या स्मरणशक्तीचा अभ्यास करणाऱ्या मानसशास्त्रज्ञांचा २००६चा प्रयोग याच भ्रमाबद्दल आहे. विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा चार सत्रं वाचला. दुसऱ्याने एक सत्र वाचून पुढची तीन सत्रं न बघता, आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तर वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना ६१. म्हणजे आठवायला लावणं हाच अभ्यास. शनिवारची चाचणी वाईट नाही हो, तिच्या शेपटीला बांधलेला क्रमांक वाईट.

'फिनलंडमध्ये परीक्षाच नाहीत' हे कुणीतरी तुम्हाला ऐकवेलच. तिथे नववीपर्यंत राष्ट्रीय पातळीवरची परीक्षा नाही हे खरं, पण शिक्षक आपापल्या वर्गात चाचण्या घेतातच. आणि पिसा, म्हणजे पंधरा वर्षांच्या मुलांसाठीच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत त्यांचे गणिताचे गुण २००६ला ५४८ होते, २०२२ला ४८४. कारणांवर वाद आहेत. त्यापेक्षा मला जपानचं उदाहरण जास्त बोलकं वाटतं. २००२ साली त्यांनी 'युतोरी', म्हणजे ऐसपैस शिक्षण म्हणून अभ्यासक्रम सुमारे ३० टक्क्यांनी कापला, शनिवारची शाळा बंद केली. पुढच्या प्रवेशपरीक्षा मात्र तशाच ठेवल्या. साहजिकच ज्यांना परवडत होतं त्यांची मुलं 'जुकू'त, म्हणजे खासगी शिकवणीत. २०११पासून प्राथमिकचे तास पुन्हा वाढवावे लागले.

दोन्ही शाळांत जाऊन मुलांची एखादी जुनी वही किंवा तपासलेलं काम बघायला मागा. चूक दाखवल्यावर मुलाने ती पुन्हा सोडवलेली दिसते का? दिसली तर ती शाळा घ्या, मग तिचं धोरण काहीही असो. दाखवायला टाळाटाळ झाली तर तेही उत्तरच.

दोन्हीकडे दिसली नाही तर मी बिनपरीक्षेची निवडेन. चाचणीची उणीव घरी भरून काढता येते. वर्गातला एकतिसावा क्रमांक मनातून पुसणं घरी जमत नाही, मी पुष्कळ पालकांना हरताना पाहिलंय. रोज दहा मिनिटं पुस्तक मिटून तिला कालचा धडा सांगायला लावा. आठवला नाही तर लगेच सांगू नका, थोडं चाचपडू द्या. गुण देऊ नका, गंमत म्हणूनही नाही. आणि अधूनमधून तिला तुमची परीक्षा घेऊ द्या. तुम्ही अडखळलात की ती जास्त खुलते.