कच्छला जीवाश्म शोधायला निघण्याआधी हत्यारांबद्दल थोडं

येऊरला हातोडी चालवून बघितलीस, हे बरं केलंस, पण तो बेसाल्ट, म्हणजे थिजलेला लाव्हा. त्यात सराव करून शेलचा, म्हणजे चिखल साचून घट्ट झालेल्या थरांच्या दगडाचा, अंदाज येत नाही. कच्छचे ज्युरासिक काळातले शेल पुठ्ठ्यासारखे थरावर थर असतात. तिथे ताकद नको, धार हवी.

म्हणून टोकदार नव्हे, चपट्या धारेची जिऑलॉजिकल हातोडी घे. वजन सहाशे-सातशे ग्रॅम पुरे, दिवसभर मनगट टिकायला हवं. सुताराची हातोडी नको. छिन्नीवर मारताना तिचा कपचा उडू शकतो. गॉगल तर हवाच, त्यात तडजोड नाही.

बाकीचं ठाणे स्टेशनजवळच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळेल: रुंद, पातळ छिन्नी आणि रंगाऱ्याची पुट्टीची पत्ती. माझी सर्वांत लाडकी ही पत्तीच. दगड उभा धर, थराची रेघ शोध, पत्ती तिथे टेकव आणि चहूबाजूंनी हलके ठोके देत जा. आवाज बद्द झाला की फट पडली समज, मग पत्ती नुसती पिळायची. पहिल्या अमोनाइटला, म्हणजे गुंडाळलेल्या शंखाच्या नामशेष समुद्री जीवाच्या जीवाश्माला, मी घाईने एकाच जागी जोरात ठोकलं, आणि त्याची अर्धी गुंडाळी भुगा झाली. अजून वाईट वाटतं.

साफसफाईला जुना टूथब्रश, दाभण. पाण्यात बुडवू नकोस, शेल फुगून सुटतो. टिश्यूत गुंडाळ, वर वर्तमानपत्र, आणि जागा-तारखेची चिठ्ठी तिथल्या तिथे लिही. जमीनमालकाची परवानगी आधी घे.