भाषणांच्या वहीला पुढे वाट आहे का?

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचं चार पानी पत्र मिळालं. दोनदा वाचलं. तुम्ही अंगणवाडी सेविका आहात, मुलगी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला राज्यशास्त्र घेऊन शिकते. स्पर्धा परीक्षेचा क्लास तिनं मध्येच सोडला आणि गेले सहा महिने कॉलेजच्या ग्रंथालयात बाबासाहेब आंबेडकरांच्या विधिमंडळातल्या भाषणांचा इंग्रजी खंड उघडून, शेजारी शब्दकोश ठेवून बसते. ‘हे वाचून पोट भरतं का? की शेवटी पुढाऱ्यांच्या मागे फिरणंच तिच्या नशिबी येईल?’ असं तुम्ही विचारलंय.

तुमच्या पत्रात एक ओळ तक्रारीच्या सुरात आली आहे : ‘वहीच्या डाव्या पानावर भाषण उतरवते आणि उजव्या पानावर कोण काय आडवं बोललं ते लिहिते, असला हा अभ्यास.’ ताई, मला तीच ओळ सगळ्यात मोलाची वाटली. भाषणावर जीव जडणारी मुलं मी पुष्कळ पाहिली. समोरच्याचा आक्षेप नीट लिहून ठेवणारी फार थोडी पाहिली. कायद्याच्या आणि विधिमंडळाच्या कामाला नेमकी हीच सवय लागते, आणि ती तिला कोणी न शिकवता लागली आहे.

तिच्या त्या खंडात २८ जुलै १९२८ चं भाषण आहे, ते तिच्याकडून समजून घ्या. कारखान्यात काम करणाऱ्या बायकांना बाळंतपणात विश्रांती आणि भत्ता मिळावा यासाठीचं विधेयक मुंबईच्या कायदे मंडळापुढे होतं. बाबासाहेब तेव्हा नियुक्त सदस्य होते. विश्रांती हवी हे पुष्कळांना पटेल, पण पैसे कोणी द्यायचे? त्यांनी उत्तर दिलं ते असं : बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्याच हिताचं आहे, म्हणून भाराचा मोठा वाटा सरकारनं उचलावा. पण बायकांना कामावर ठेवून मालकालाही फायदा होतोच, तेव्हा त्यानंही आपला वाटा द्यावा. दया दाखवा असं ते कुठेही म्हणत नाहीत. हिशोब मांडतात. पुढच्याच वर्षी, १९२९ मध्ये, मुंबई इलाख्यात तसा कायदा झाला.

दुसरं उदाहरण तर आपल्याकडे शाळकरी मुलांनाही अर्धं ठाऊक असतं. महाडचं चवदार तळं, २० मार्च १९२७. त्याच्या आधीचं अर्धं मात्र फारसं कोणी सांगत नाही. ऑगस्ट १९२३ मध्ये सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदे मंडळात ठराव आणला की सरकारी पैशातून बांधलेले किंवा चालणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. ठराव मंजूर झाला. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनं आपलं तळं खुलं केल्याचा ठराव केला. तरी पाण्याला हात लावायची सोय नव्हतीच, त्यासाठी सत्याग्रह करावा लागला. नंतर सवर्णांनी लावलेला दावा उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि मार्च १९३७ मध्ये निकाल सत्याग्रहींच्या बाजूनं लागला. सभागृहातल्या ठरावापासून ओंजळभर पाण्याच्या कायदेशीर हक्कापर्यंत जवळजवळ चौदा वर्षं. तुमच्या मुलीला या कामात यायचं असेल तर हा वेग तिनं आधीच मनाशी धरलेला बरा.

आता पोटापाण्याचं बोलू.

आमदार-खासदार सभागृहात बोलतात त्याच्या मागे कोणीतरी कागद गोळा केलेले असतात. महाराष्ट्र विधानसभेतल्या प्रश्नाचा साचा तिनं पाहिला नसेल तर तिला दाखवा. ‘अमुक तालुक्यात अमुक रक्कम थकली आहे, हे खरे आहे काय, असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ प्रश्न ढिला असला की समोरून येतं, ‘हे खरे नाही’, आणि खालच्या सगळ्या पोटप्रश्नांना ‘प्रश्न उद्भवत नाही’. संपलं. तारीख, आकडा, आदेशाचा क्रमांक पक्का असेल तर मात्र खात्याला असं सुटता येत नाही.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आलेला एक मुलगा एका आमदारांच्या कार्यालयात लागला. पहिले चार महिने त्यानं शिफारसपत्रं टाईप केली आणि फोन घेतले. मग वसतिगृहातल्या मुलांचा निर्वाह भत्ता थकल्याचं त्याच्या कानावर आलं. त्यानं माहिती अधिकारात अर्ज टाकले, महिन्यांचा तक्ता केला, त्यावरून तारांकित प्रश्न गेला, म्हणजे ज्याचं उत्तर मंत्र्यांना सभागृहात तोंडी द्यावं लागतं तो. उत्तर आलं, ‘हे अंशतः खरे आहे.’ त्या ‘अंशतः’ला धरून आमदारांनी सभागृहात उपप्रश्न विचारले आणि रक्कम देण्याची तारीख मंत्र्यांकडून वदवून घेतली. तो मुलगा मला फोनवर ते उत्तर वाचून दाखवत होता तेव्हा त्याचा आवाज कापत होता. त्याचं नाव कुठल्याही कागदावर नव्हतं. ज्याला हे चालतं त्यानंच या कामात यावं, हे मी मुलीलाही सांगेन.

या कामाची दारं कोणती? एक दिल्लीत आहे. पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च ही संस्था २०१० पासून ‘लॅम्प’ नावाची फेलोशिप चालवते. निवड झालेला तरुण एका खासदाराबरोबर पावसाळी अधिवेशनापासून अर्थसंकल्पी अधिवेशनापर्यंत काम करतो : प्रश्नांचे मसुदे, भाषणांसाठी टिपणं, अशासकीय विधेयकांसाठी (म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्यानं मांडलेल्या विधेयकांसाठी) संशोधन. कुठल्याही शाखेची पदवी चालते, वय पंचविसाच्या आत लागतं, विद्यावेतन मिळतं. स्पर्धा मात्र कडक आहे आणि इंग्रजीत नेटकं लिहिता यावं लागतं. शब्दकोश घेऊन अख्खा खंड वाचणाऱ्या मुलीच्या इंग्रजीची मला काळजी वाटत नाही. लिहिण्याचा सराव हवा, रोज एक पान.

दुसरं दार आपल्या विधिमंडळ सचिवालयाचं. तिथे प्रतिवेदक असतात, सभागृहात उच्चारलेला शब्द न शब्द लघुलेखनात टिपणारे. मराठी लघुलेखन शिकणारी मुलं कमी झाली आहेत, पण हे कसबाचं काम आहे आणि नोकरी सरकारी आहे. जागा मोजक्या निघतात, म्हणून एवढ्या एकाच आशेवर बसू नये. वृत्तपत्रांचे विधिमंडळ वार्ताहर, कामगार संघटना, सामाजिक संस्था इथेही अशी माणसं लागतात, तिथला पगार संस्थेगणिक बदलतो.

माझा स्पष्ट सल्ला मात्र कायद्याच्या पदवीचा आहे. बी.ए. झाल्यावर सीईटी देऊन तीन वर्षांचं एल.एल.बी. करू दे. आमदारांकडच्या किंवा खासदारांकडच्या कामात एक मोठा धोका आहे, तो लपवून तुम्हाला फसवणार नाही : निवडणुकीत त्यांची जागा गेली की आपलीही जाते. हाती वकिलीची सनद असेल तर मुलगी दुसऱ्या दिवशी न्यायालयात उभी राहू शकते. शिवाय तिची ही वही तिथेही कामाला येईल. ४ नोव्हेंबर १९४८ ला बाबासाहेबांनी संविधान सभेत घटनात्मक नैतिकतेबद्दल, म्हणजे घटनेच्या तत्त्वांशी इमान राखून वागण्याबद्दल, जे मांडलं, त्याचा आधार सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणारी तरतूद दूर करताना घेतला. सत्तर वर्षांनी!

राजकारणाची भीती तुम्ही लिहिली आहे. ती खोटी नाही. मुलगी पुढाऱ्यांच्या जवळपास राहील, कधी नको ते पाहील. म्हणून कोणाकडे काम करायचं ते निवडताना पक्षाच्या झेंड्याआधी सभागृहातली हजेरी आणि विचारलेले प्रश्न पाहावेत. संसदेच्या संकेतस्थळावर खासदारांचे प्रश्न आणि भाषणं उघडी असतात. तिथेच तिला राज्यसभेवर निवडून गेलेले तिरुची शिवा यांचं काम सापडेल. तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांचं त्यांचं अशासकीय विधेयक २४ एप्रिल २०१५ ला राज्यसभेनं मंजूर केलं. एखाद्या सभागृहानं असं विधेयक मंजूर करण्याची ती कित्येक दशकांतली पहिली वेळ. त्याचा पुढे कायदा झाला नाही. सरकारनं २०१९ मध्ये वेगळा कायदा आणला, आणि तो या विधेयकाहून दुबळा आहे असं अनेक तृतीयपंथी कार्यकर्ते सांगतात. माझंही मत तेच आहे. तरी २०१५ ची ती चर्चा तिनं वाचावी, अशी माझी इच्छा आहे.

एम.पी.एस.सी.चा क्लास सोडल्याचा राग धरू नका. राज्यघटनेचा भाग ती आता जो वाचते आहे तो क्लासच्या नोट्सपेक्षा पक्का आहे. पदवीनंतर तिला परीक्षा द्यावीशी वाटली तर काही वाया गेलेलं नसेल. मात्र खर्चाचा हिशोब घरात बसून उघड करा. पदवीनंतर किती वर्षं तुम्ही तिला सांभाळू शकता, तो आकडा तिला सांगा. मुलांना आकडा सांगितला की ती त्यात बसायला शिकतात. संदिग्ध ‘बघू’नं मात्र दोन्हीकडचा जीव टांगणीला लागतो.

दरवर्षी हिवाळी अधिवेशनाच्या काळात नागपूरला विधिमंडळात राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी संसदीय कार्यप्रणालीचा अभ्यासवर्ग भरतो. तिला कसं जाता येईल, ते विभागप्रमुखांना आत्ताच विचारायला सांगा.

आणि एक काम दोघींनी मिळून करायचं आहे. २५ एप्रिल २०२२ ला सर्वोच्च न्यायालयानं अंगणवाडी सेविका आणि मदतनीस ग्रॅच्युइटीला पात्र आहेत असा निकाल दिला. तो तुमच्या प्रकल्पात कुठवर पोचला, याच्यावर मुलीनं विधानसभेतल्या साच्यात एक प्रश्न लिहायचा. ‘हे खरे आहे काय’पासून ‘विलंबाची कारणे’पर्यंत. कोणती सेविका कधी निवृत्त झाली, कोणाला काय मिळालं, कुठला कागद कुठे अडला, हे तिला खंडात सापडणार नाही, तुमच्या मासिक बैठकीत सापडेल. तिचा मसुदा आधी तुम्ही तपासा. जिथे ‘हे खरे नाही’ म्हणून खातं सुटेल असं वाटेल तिथे खूण करा आणि पुन्हा लिहायला लावा. तिसरा मसुदा झाला की मला पाठवा, मी वाट पाहते.