हॉलमधलं विमान भिंतीवरच का आदळतं?

प्रश्न: फोमचं छोटं आरसी (रिमोटवर उडणारं) विमान बनवलंय, वजन 80 ग्रॅम. हॉलमध्ये उडतं पण वळायच्या आत भिंत येते. मोठी मोटर लावू का?

उत्तर: अहो मोटर राहू द्या, आधी वजन उतरवा! पंख तेवढेच ठेवून वजन निम्मं केलंत ना, तर विमान साधारण 70 टक्के स्पीडलाच तरंगतं, आणि वळायला लागणारी जागा तर जवळपास निम्मी होते, म्हणजे खरा फायदा तिथेच आहे. 3 मिमीची डेप्रॉन (हलक्या फोमची) शीट, बारीक कार्बन रॉड आणि एका सेलची 3.7 व्होल्टची छोटी लिपो (हलकी लिथियम बॅटरी) घ्या, सर्व्हो (विमान वळवणारी पाती हलवणारी छोटी मोटर) आणि रिसीव्हर (रिमोटचा सिग्नल पकडणारा) पण मग त्याच मापाचे. ग्लू गनचा मोह टाळा, तो गोंद भलताच जड होतो, त्यापेक्षा फोमवर चालणाऱ्या सुपरग्लूचे थेंब पुरतात (साधा सुपरग्लू फोम खातो). बॅटरी शेवटी चिकटवा, आधी ती पुढेमागे सरकवून बॅलन्स (विमान जिथे टेकवल्यावर समतोल राहतं तो बिंदू) पंखाच्या पुढच्या कडेपासून पाव ते एक तृतीयांश रुंदीवर आणायचा. आणि हो, उडवताना पंखा, एसी बंद, एवढ्या हलक्या विमानाला तेवढा वारा पण जास्तच.