आरव्हीतून झाडीतला मुक्काम

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. आई-बाबा पुण्याहून आले आहेत. भाड्याची २८ फुटी आरव्ही (आत राहण्याची सोय असलेली गाडी) घेऊन झाडीतल्या फॅमिली कॅम्पग्राउंडवर तीन रात्री राहायचं आहे. वीज, पाणी, सांडपाण्याचं कसं करायचं?

उत्तर : बुकिंग करताना साइटची लांबी आणि ‘फुल हुकअप’ (वीज, पाणी आणि सांडपाणी या तिन्हींची जोडणी) आहे का, हे आधी विचारा. उदाहरणार्थ, व्हर्जिनियातल्या शेनान्डोआ नॅशनल पार्कच्या कॅम्पग्राउंडवर हुकअप नाहीत आणि तिथल्या स्कायलाइन ड्राइव्ह या रस्त्यावरच्या बोगद्याची उंची १२ फूट ८ इंच आहे. छतावरच्या एसीसकट गाडीची उंची चिठ्ठीवर लिहून स्टिअरिंगजवळ चिकटवा. साइटवर गाडी मागे घेताना एकाने खाली उतरून फांद्यांवर लक्ष ठेवावं. फांदी एसीचं कव्हर सहज फोडते.

३० अँपिअरच्या जोडणीवर जेमतेम ३,६०० वॅट मिळतात. एसी चालू असताना इंडक्शन आणि मायक्रोवेव्ह एकदम लावलेत की ब्रेकर पडणारच. कुकर गॅसवरच लावा. नळाला आधी प्रेशर रेग्युलेटर (पाण्याचा दाब आटोक्यात ठेवणारा जोड), मग पिण्याच्या पाण्याचा पांढरा पाइप.

सगळ्यात जास्त घोळ संडासाच्या टाकीत होतो. तिची झडप कायम उघडी ठेवली तर पाणी वाहून जातं आणि मैला तळाशी थिजतो. म्हणून झडप बंद ठेवा, दर फ्लशला भरपूर पाणी सोडा आणि टाकी दोन-तृतीयांश भरली की रिकामी करा. त्यानंतर मोरीच्या पाण्याची टाकी सोडा, म्हणजे पाइपही धुतला जातो. हातमोजे हवेतच.

सरपण घरून नेऊ नका, त्यातून झाडांची कीड पसरते. तिथलंच विकत घ्या.