आधी पंचांग, मग स्टोरीबोर्ड

वाचकांचे प्रश्न : कॅमेरा आणि चित्रीकरण

प्रश्न : ताई, मी कुडाळला राहतो, लग्नाचं शूटिंग हा माझा धंदा. माझा मामेभाऊ गोव्यात आश्वेच्या किनाऱ्यावर सर्फिंग शिकवतो. त्याच्या शाळेची एका मिनिटाची जाहिरात मी करून द्यावी असं ठरलंय. जानेवारीतले दोन दिवस, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. स्टोरीबोर्डात (शॉटांच्या कागदावरच्या आराखड्यात) 32 शॉट आहेत आणि मुख्य शॉट सूर्यास्ताचा: एक विद्यार्थिनी पहिल्यांदा बोर्डवर उभी राहते. समुद्रावर मी याआधी कधी काम केलेलं नाही. कुठे अडेन ते सांगाल का?
— एक वाचक, कुडाळ

उत्तर : तुम्ही लग्नं करता हे फार बरं झालं. मुहूर्त चुकला तर अक्षता पुन्हा पडत नाहीत, ही सवय तुमच्या हातात आहे. तीच इथे लागणार आहे. मात्र तुमचं वेळापत्रक मुळापासून बदलावं लागेल, कारण ते माणसांच्या सोयीने आखलंय.

शाळेत भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले होते ना? ते आता कामाला येतील. रात्रभर जमीन गार होते, आणि पहाटेपासून वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, तो मतलई. तो लाटेला समोरून अडवतो, म्हणून लाट उभी राहते, तिचा चेहरा काचेसारखा गुळगुळीत दिसतो आणि ती सावकाश फुटते. जानेवारीत साधारण दहा-साडेदहापर्यंत हे सुख मिळतं. मग वारा फिरतो. खारा वारा सुटला की पाण्यावर बारीक खळबळ माजते, लाट कुठेही कशीही मोडते, आणि नवशिक्याला बोर्डवर नुसतं पडून राहणंही जड जातं. तुम्ही नऊला सुरू करणार म्हणजे दिवसाचा उत्तम भाग संपता संपता कॅमेरा बाहेर काढणार.

आता सूर्यास्त. आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. शिकणारी व्यक्ती लाटेबरोबर किनाऱ्याकडे येते, म्हणजे तिचा चेहरा पुळणीकडे, तुमच्या कॅमेऱ्याकडे असतो. सकाळी सूर्य तुमच्या पाठीमागून, माडांवरून वर येतो आणि सरळ तिच्या चेहऱ्यावर पडतो. संध्याकाळी तोच सूर्य तिच्या पाठीमागे. तेव्हा मिळते ती काळी आकृती. सुंदर असते, पण तिच्यात चेहरा नसतो. पहिल्यांदा उभं राहिलेल्या माणसाचा चेहरा हीच तुमची सगळी जाहिरात आहे, ती अंधारात घालवू नका. सूर्यास्ताचा मोह असेलच तर एकच शॉट ठेवा: बोर्ड डोक्यावर घेऊन ओल्या वाळूवरून परत निघालेली मुलं.

म्हणून मामेभावाला सांगा की दोन पूर्ण दिवसांऐवजी तीन सकाळी हव्यात. सहाला किनाऱ्यावर, सातच्या सुमारास उजेड, साडेदहाला पाण्यातलं काम बंद.

कुठल्या तीन सकाळी, हे पंचांगात बघा. जुने कोळी भरतीची वेळ तिथीवरून काढत: तिथीला तीनने गुणायचं, चारने भागायचं. अष्टमीला आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा. म्हणजे सहाच्या सुमारास भरती, बाराच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमेला किंवा अमावास्येला उत्तर सव्वाअकरा. ठिकाणाप्रमाणे थोडं पुढेमागे होतं, पण दिवस निवडायला हा अंदाज पुरतो. भरती रोज पाऊण तासाच्या जरा वर उशिरा येते, त्या हिशोबातून हे गणित निघालंय. नक्की वेळ मात्र भरती-ओहोटीच्या छापील तक्त्यातूनच घ्या.

हे मी तळमळीने सांगते, कारण माझी पहिली सर्फिंगची जाहिरात मी पौर्णिमेला लावली होती. उत्तर गोव्यातच, दहाएक वर्षांपूर्वी. सकाळी सातला समोर मैदानासारखी रुंद ओली पुळण. शिक्षक वाळूवर बोर्ड ठेवून मुलांना पोटावरून उठून उभं कसं राहायचं ते दाखवतो, तो मोठा शॉट तिथे घेतला. जवळचे शॉट नंतर घेऊ म्हणून पाण्यात गेलो. दहाला परत आलो तर ती जागाच नव्हती. उधाणाचं पाणी शाळेच्या झोपडीच्या पायरीपर्यंत आलेलं, ट्रायपॉड ठेवायला चार हात कोरडी वाळू उरलेली. संकलनात ते दोन तुकडे जुळेनात: एका क्षणी मुलांमागे शंभर पावलं वाळू, पुढच्या क्षणी पाठीला टेकलेल्या सुरूच्या मुळ्या. तो सगळा प्रसंग काढून टाकावा लागला. आपल्याकडे उधाणाला, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरतीला, पाणी दोनेक मीटर चढतं-उतरतं; भांगाला, म्हणजे मधल्या लहान भरतीच्या दिवसांत, त्याच्या निम्म्यावर येतं. म्हणून मी आता अष्टमीच्या आगेमागे, भांगाचे दिवस धरते. पाण्याची रेघ हळू सरकते आणि तिन्ही सकाळच्या वाळूचं एकमेकींशी जमतं. शिकवायला तिथे भरतीचं पाणी बरं की उतरतं, हे मामेभावाला विचारा. त्या वाळूचे उंचवटे त्यालाच माहीत. तो नको म्हणाला तर माझं ऐकू नका, त्याचं ऐका.

लाट किती असेल ते हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी संस्थेच्या अंदाजात पाहा. उंचीबरोबर दोन लाटांमधलं अंतर किती सेकंदांचं, तेही बघा. जानेवारीत आपला समुद्र बहुधा शांत, नवशिक्यांना तेच हवं. पण इराणच्या आखाताकडे शमाल नावाचे वारे जोरात सुटले की तिथे उठलेल्या लाटा अरबी समुद्र ओलांडून आपल्या किनाऱ्याला लागतात. आकाश निरभ्र, वारा पडलेला, आणि तरी पाणी अचानक जड. अशा सकाळी मुलांना पाण्यात उतरवू नका. वाळूवरचे शॉट त्या दिवसासाठी राखून ठेवा.

यावरून तुमच्या 32 शॉटांकडे येते. कागदाचे दोन भाग करा. पाण्याशिवाय, लाटेशिवाय जे होणारच नाहीत ते एकीकडे. माझ्या अंदाजाने आठ-नऊच भरतील. बोर्डाला मेण चोळणारे हात, घोट्याला लीश (बोर्डाची दोरी) बांधणं, झोपडीवर वाळत घातलेले रॅशगार्ड (पाण्यात घालायचे घट्ट शर्ट), चहा, हे सगळं दुसरीकडे, कारण ते दुपारी सावलीतही होतं. मग पाण्यातल्या प्रत्येक शॉटसमोर, त्याच ओळीत, तो नाही जमला तर काय घ्यायचं ते लिहा. आणि एक वेळ ठरवा. मी साडेआठ धरते. साडेआठपर्यंत लाट हवी तशी नसेल तर वाद न घालता पर्यायाच्या रकान्यावर जायचं. किनाऱ्यावर उभं राहून पंधरा माणसांनी चर्चा करण्यात जेवढा उजेड वाया जातो तेवढा ढगांनीही जात नाही.

एकदा मात्र पर्यायाच्या रकान्यातही नव्हतं ते घडलं. दुसऱ्या दिवशी साडेसातला आमच्या बरोबर समोर रापण लागली. अर्धवर्तुळ करून जाळं टाकलेलं, दोन्ही टोकांना वीस-वीस माणसं दोर ओढताहेत. आमचा एक मुलगा म्हणाला, त्यांना जरा बाजूला व्हायला सांगू. मी त्याला थांबवलं. रापणकारांचा तो रोजगार आहे, आणि त्या पाण्यावर त्यांचा हक्क आपल्याआधीचा. कॅमेरे खाली ठेवून आम्हीही दोर धरला. तासाभराचा उजेड गेला. पण रापणीतल्या एका म्हाताऱ्या बाबांनीच सांगितलं की उत्तरेला दोनशे पावलांवर वाळूचा बांध पाण्याखाली आलाय, लाट तिथे बरी फुटते. उरलेल्या वेळात तिथे जे मिळालं तेच जाहिरातीत राहिलं. तेव्हापासून शूटिंगच्या आदल्या संध्याकाळी मी आधी रापणकारांना भेटते, उद्या कुठे टाकणार ते विचारते.

आता त्या एका शॉटबद्दल, विद्यार्थिनी पहिल्यांदा उभी राहते तो. तुमच्या स्टोरीबोर्डात ती अभिनेत्री आहे की खरीच शिकणारी? माझं आग्रहाचं सांगणं, खरी घ्या. आधी लेखी संमती, तासाची फी माफ, आणि तिला शॉट समजावू नका. नवशिक्यांचा धडा कमरेएवढ्या पाण्यात, फुटून आलेल्या पांढऱ्या फेसात होतो. शिक्षक मागे उभा राहून बोर्ड ढकलतो, म्हणजे तुमचा पाण्यातला कॅमेरावालाही पाय टेकून उभा राहू शकतो. त्याला शिक्षकाच्या बाजूला दोन हात सोडून ठेवा, बोर्डाच्या वाटेत कधीच नको. दुसरा कॅमेरा पुळणीवर, लांब लेन्स, चेहऱ्यावर. ढकलण्याआधी शिक्षकाने हात वर करायचा, की दोघेही रेकॉर्डिंग सुरू करतील. ती सात-आठदा पडेल. तेही घ्या. मग एकदा ती उभी राहील, दोन सेकंद, फार तर चार, गुडघे वाकलेले, हात वेडेवाकडे, आणि तोंडावर असं काही येईल जे तिलाही आरशात कधी दिसलेलं नाही. ते एकदाच येतं. पुन्हा कर म्हणून सांगू नका. दुसऱ्या वेळी तिला आपण उभ्या राहू शकतो हे माहीत झालेलं असतं, आणि कॅमेऱ्याला तो फरक लगेच कळतो. सेकंदाला 100 चित्रं घेऊन 25 च्या वेगाने दाखवलीत तर ते चार सेकंद सोळा होतात, एवढं संथ पुरे. पडण्याचे शॉट नेहमीच्या वेगातच राहू द्या.

पांढरे बोर्ड फेसात हरवतात. पिवळा किंवा निळा मऊ बोर्ड निवडा आणि तिन्ही दिवस तोच. रॅशगार्डही तोच.

परवानग्या लवकर काढा. गोव्यात चित्रीकरणाची परवानगी एंटरटेनमेंट सोसायटी ऑफ गोवा देते. ड्रोन 250 ग्रॅमच्या वरचा असेल तर त्याची नोंदणी हवी, आणि व्यावसायिक कामाला उडवणाऱ्याकडे प्रमाणपत्र हवं. त्या दिवशीचा हवाई नकाशाही पाहा, पेडणे तालुक्यात मोपाचा विमानतळ आहे. मोरजी-मांद्रेच्या त्या पट्ट्यात हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. वनखात्याने कुंपण घातलेल्या जागेजवळ जाऊ नका, अंधारात दिवे लावू नका, सामानाची गाडी वाळूवर नेऊ नका. जीवरक्षकांना पहिल्याच सकाळी भेटून किती माणसं पाण्यात असतील ते सांगा. आणि तुमच्या मुलांना एक गोष्ट बजावा: दोन्हीकडे लाटा फुटताहेत आणि मधला पट्टा शांत दिसतोय, तर तिथून उतरायचं नाही. पाणी तिथूनच आत परत जात असतं, आणि माणसालाही घेऊन जातं.

प्रश्न : अशाच एका शाळेची जाहिरात मी संकलित करते आहे. मालक म्हणतात, आपल्या लाटा गुडघाभर दिसतात, हवाईच्या दोन-तीन क्लिप विकत घेऊन मध्ये टाका. काय करू?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : टाकू नका, आणि का ते त्यांना शांतपणे सांगा. हवाईतल्या पाइपलाइन नावाच्या सर्फिंगच्या जागेची ती पोकळ लाट उथळ खडकावर फुटते. तिथे पडणं म्हणजे काय, हे जगातले उत्तम सर्फर जाणतात. तुमच्या शाळेत वाळूवर फुटणारी छोटी लाट आहे. ती पाहून कोल्हापूरची एखादी आई पोहता न येणाऱ्या मुलाला पाठवायचं की नाही ते ठरवणार आहे. तिला खोटी लाट दाखवली तर ती घाबरून पाठवणार नाही, किंवा भलत्याच मुलाला पाठवेल. दोन्ही वाईट. शिवाय 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दंड आहे.

लाट लहान दिसते ती बहुतेक कॅमेऱ्याच्या उंचीमुळे. उभ्या माणसाच्या डोळ्यांतून घेतलं की समुद्र सपाट होतो. कॅमेरा पाण्याला टेकवून धरला तर तीच गुडघाभर लाट नऊ वर्षांच्या मुलीला जशी दिसते तशी दिसते, आणि ते खोटं नाही. मालकांना सांगा की अजून एक सकाळ द्या. या क्लिपांच्या पैशात ती निघेल.

प्रश्न : खाऱ्या पाण्यात वापरल्यावर छोट्या कॅमेऱ्याचं हाउसिंग (पाणी न शिरणारं कवच) कसं जपावं?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : पाण्यातून आल्या आल्या उघडू नका. बादलीभर गोड्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटं बुडवून ठेवा, बटणं पाण्यातच दाबून घ्या, म्हणजे आतलं मीठ सुटेल. पूर्ण पुसून, सावलीत वाळल्यावर, तोंड खाली धरून उघडा. ओ-रिंगवर, म्हणजे झाकणाच्या रबरी कड्यावर, एक केस किंवा वाळूचा कण राहिला तरी पाणी आत शिरतं, म्हणून ती बोटाने चाचपून बघा, नुसत्या नजरेवर विसंबू नका. आत सिलिका जेलची पुडी ठेवा. कॅमेरा रात्री एसीच्या खोलीत ठेवू नका. गार झालेली काच पहाटेच्या दमट हवेत आली की तिच्यावर वाफ धरते, आणि ती जाईपर्यंत अर्धा तास हातावर हात ठेवून बसावं लागतं.