मध्येच विसरलं तर?

प्रश्न : माझा मुलगा सतरा वर्षांचा आहे. आठ वर्षं पियानो शिकतोय आणि पुढे मैफलीच करायच्या म्हणतो. मागच्या महिन्यात स्टेजवर वाजवताना मध्येच अडकला. दोनदा पहिल्यापासून सुरू केलं, पुन्हा त्याच जागी थांबला आणि उठून आत गेला. आता नोटेशन समोर असल्याशिवाय तो पियानोवर बसतच नाही. त्याच्या शिक्षिका म्हणतात, कॉन्सर्ट पियानिस्टला पाठ वाजवता आलंच पाहिजे. खरंच तसं असतं का?

उत्तर : तुमचं पत्र वाचून माझ्या पोटात जुना गोळा उठला.

बीथोव्हेनचा ‘पथेटिक’ सोनाटा तोवर मी चाळीसेक वेळा तरी लोकांसमोर वाजवला असेल. त्याच्या पहिल्या भागात मुख्य विषय परत येतो तेव्हा सुरुवात अगदी पहिल्यासारखीच असते. पण पहिल्या खेपेला तिथून वाट ई फ्लॅट मायनर या स्वरपट्टीकडे जाते, परतीच्या खेपेला एफ मायनरकडे. त्या संध्याकाळी पुढच्या रांगेत कुणीतरी खोकलं, माझं लक्ष क्षणभर तिकडे गेलं आणि बोटं आपली सवयीनं पहिल्याच वाटेला लागली. कानाला कळलं तेव्हा मी ई फ्लॅटमध्ये होते आणि परतायला रस्ता नव्हता. असंच वाजवत राहिले तर घाण्याच्या बैलासारखी पुन्हा तिथेच येणार!

सुटका बीथोव्हेननंच केली. या भागाच्या शेवटाजवळ सुरुवातीचं संथ ‘ग्राव्हे’ पुन्हा येतं, पण त्याचा पहिला दणदणीत कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारा स्वरांचा गुच्छ, तिथे नसतो. त्या जागी नुसता विराम आहे. मी हात उचलले आणि सरळ त्या विरामात शिरले. जरा लांबवलाच तो. मग सी मायनर या मूळ स्वरपट्टीत उतरून भाग संपवला. उरलेले दोन भाग कसे वाजले ते आजही आठवत नाही. नंतर एका गृहस्थांनी त्या विरामाचं फार कौतुक केलं. मी आभार मानले, दुसरं काय करणार?

तुमच्या मुलाचं पाठांतर कच्चं नसावं, ते फक्त बोटांत असावं. बोटांना सुरुवात ठाऊक असते, मधली जागा नाही. म्हणून तर तो दोन्ही वेळा पहिल्यापासून निघाला. त्याला नोटेशनवर दहा-बारा ठिकाणी पेन्सिलीनं खुणा करायला सांगा. तुम्ही कुठलाही आकडा म्हणा, त्यानं तिथून सुरू करायचं. एकदा नुसत्या डाव्या हातानं. एकदा अर्ध्या लयीत, कारण लय उतरली की बोटांची सवय गळून पडते आणि खरं किती येतं ते उघडं पडतं. आणि रोज थोडा वेळ पियानो बंद ठेवून, कागद मांडीवर घेऊन, पुढचा कॉर्ड कोणता ते मोठ्यानं म्हणायचं. हे शेवटचं फार कंटाळवाणं आहे. मला सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच झाला.

आता शिक्षिकांचं म्हणणं. बहुतेक मोठ्या स्पर्धांत एकल वादन पाठच मागतात, तेव्हा या वयात त्याला त्यातून सुटका नाही. पण हा नियम काही आकाशातून पडलेला नाही. 1837 मध्ये क्लारा वीक, म्हणजे पुढची नामवंत पियानिस्ट क्लारा शूमान, बर्लिनमध्ये बीथोव्हेन पाठ वाजवायला बसली तेव्हा काहींना तो चक्क आगाऊपणा वाटला होता. तीही तेव्हा सतरा वर्षांचीच होती. उलट स्व्यातोस्लाव रिख्टरसारखा थोर पियानिस्ट उतारवयात सभागृहातले दिवे मालवायला लावून, नोटेशनवर एक छोटा दिवा ठेवून वाजवायचा. त्याला कोण कमी लेखणार? चेंबर म्युझिकमध्ये, म्हणजे मोजक्या वादकांच्या एकत्र वादनात, तर कागद समोर ठेवूनच वाजवतात.

तेव्हा सध्या कागद राहू दे, पण बंद करून स्टँडवर. पुन्हा लोकांसमोर बसवायचं ते चार-पाच माणसांपुढे, आणि त्यातल्या एकाला मुद्दाम खोकायला सांगा.

प्रश्न : मोठे पियानिस्ट स्वतःचा पियानो बरोबर नेतात का?

उत्तर : क्वचित. होरोविट्झनं 1986 मध्ये मॉस्कोला स्वतःचा नेला होता, क्रिस्तियान झिमरमानही नेतो. कॉन्सर्ट ग्रँड जवळजवळ पावणेतीन मीटर लांब आणि सुमारे अर्ध्या टनाचा असतो, त्यामुळे बाकी आम्ही सगळे सभागृहात असेल त्यावर वाजवतो. व्हायोलिनवाल्यांचा हेवा वाटतो तो इथेच. अनोळखी पियानो हाताला लागायला दुपारचे दोन-तीन तास मिळतात, त्यातला निम्मा वेळ ट्यूनर खातो. मी आधी उजवं पेडल अर्धवट दाबून बघते. ते किती खाली गेल्यावर सूर धरतं, तेवढं कळलं की मग बाकीच्या कुरबुरी चालवून घेते.