छळ झाला की चर्च वाढतं, हे खरं आहे का?

दरवेळी नाही. कितीतरी ठिकाणी बंदी आली आणि चर्च नामशेष झालं. पण बंदीमुळे एक होतं: जे काम एरवी आपण फादरांवर सोडून मोकळे होतो, ते आपल्याच गळ्यात पडतं. लोकांनी ते उचललं, तरच पुढचं सगळं.

मी वसईचा. आमचे संत गोन्सालो गार्सिया १५९७ साली नागासाकीला क्रुसावर मारले गेले, त्यामुळे जपान लहानपणापासून कानावर आहे. पण आमच्याकडची गोष्ट हौतात्म्यापाशी संपते. मला त्यानंतरचं जास्त मोलाचं वाटतं.

१६१४ मध्ये तोकुगावा राजवटीने देशभर बंदी घातली. धर्मगुरूंना हाकललं, मागे लपून राहिलेल्यांना एकेक करून पकडलं. घरटी बौद्ध मंदिरात नाव नोंदवायची सक्ती, ख्रिस्ती माणूस पकडून देणाऱ्याला चांदीचं बक्षीस, आणि नागासाकीत दरवर्षी येशूच्या किंवा मरियेच्या प्रतिमेवर पाय ठेवून दाखवायचा. नागासाकीजवळच्या उराकामी गावच्या शेतकऱ्यांनी मग कामं वाटून घेतली. एकजण सणावारांचा हिशेब ठेवी, नाताळ कधी, उपवासकाळ कधी. दुसरा मुलांना स्नानसंस्कार, म्हणजे बाप्तिस्मा देई. तिसरा घरोघर निरोप पोचवी. फादर नाहीत म्हणून मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना नाही, फादरांपुढे पापं कबूल करायचं पापनिवेदन नाही. प्रतिमा तुडवून घरी आलं की पश्चात्तापाची प्रार्थना. हे अडीचशे वर्षं चाललं, सगळं प्रापंचिकांच्या, म्हणजे धर्मगुरू नसलेल्या साध्या भाविकांच्या जिवावर.

१८६५ च्या मार्चमध्ये नागासाकीच्या ओउरा चर्चमध्ये, जे खरं तर परदेशी लोकांसाठी बांधलेलं होतं, उराकामीहून काही माणसं आली. त्यातल्या एका बाईने तिथल्या फ्रेंच मिशनरी फादर पतीजाँना हळूच सांगितलं की आमचं मन तुमच्यासारखंच आहे, आणि विचारलं, सांता मारियाची मूर्ती कुठे आहे?

बंदी तेव्हाही उठली नव्हती, हे लोक विसरतात. उराकामीकरांनी बौद्ध अंत्यविधी नाकारले तेव्हा तीन हजारांवर माणसं दूरदूरच्या प्रांतांत हद्दपार झाली आणि सहाशेहून अधिक तिथेच मेली. १८७३ मध्ये उरलेले परतले. पुढच्याच वर्षी गावात आमांशाची साथ आली. इवानागा माकी नावाची, हद्दपारी भोगून आलेली शेतकऱ्याची मुलगी फ्रेंच मिशनरी फादर द रो यांच्या हाताखाली आजाऱ्यांची शुश्रूषा करू लागली. मग अनाथ मुलं सांभाळू लागली, जोडीला आणखी बायका आल्या, एकत्र राहू लागल्या. छळानंतर सेवाकार्याला फुटलेली नवी पालवी मला इथे दिसते.

आता दुसरी बाजू. लपून राहिलेल्यांपैकी बरेचजण नव्या फादरांकडे आलेच नाहीत. वाडवडिलांनी जसं केलं तसंच करत राहिले, वेगळेच राहिले.

मादागास्करमध्ये चित्र निराळं. राणी रानावालोनाने १८३५ मध्ये बंदी घातली, मिशनरी गेले, कित्येकांना ठार केलं. तरी १८६१ मध्ये ती वारली आणि बंदी उठली तेव्हा ख्रिस्ती लोक आधीपेक्षा कितीतरी पटींनी जास्त निघाले. मला वाटतं, मिशनरी जाण्याआधी मालागासी भाषेतलं अख्खं बायबल छापून झालं होतं, त्यामुळे हा फरक पडला. लोकांनी प्रती पुरून ठेवल्या, रात्री काढून वाचल्या, दुसऱ्यांना वाचून दाखवल्या. उराकामीकरांकडे मुख्यतः पाठ केलेल्या प्रार्थना होत्या, त्यातही लॅटिन-पोर्तुगीज शब्दांची सरमिसळ. नव्या माणसाला समजावून सांगायला त्या कितीशा पुरणार?